डाव्या हाताची नाडी

जुन्या वैद्यांचा एक दंडक आमच्या पिढीने समक्ष पाहिलेला आहे. पुरुष रोगी समोर बसला की वैद्यराज त्याचा उजवा हात हाती घेत. स्त्री असली तर डावा. अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटे टेकवून, डोळे अर्धवट मिटून ते काही क्षण स्तब्ध बसत. वाताची नाडी सर्पासारखी, पित्ताची बेडकासारखी आणि कफाची हंसासारखी चालते, हा शार्ङ्गधराचा पाठ मनाशी घोळवीत आणि मग पुडी बांधीत. उजव्या-डाव्याचा हा भेद कशासाठी, असे विचारण्याची प्राज्ञा कोणाची नसे. हृदय एकच आणि त्याच्या ठोक्याची लाट दोन्ही मनगटांत पोहोचते; तेव्हा कोणताही हात धरला तरी आकडा तोच यायचा. पण वैद्यांना आकडा नको होता, चाल हवी होती. आकडा आला तो घड्याळाबरोबर. सर जॉन फ्लॉयर नावाच्या इंग्रज वैद्याने १७०७ साली नाडी मोजण्यासाठी बरोबर एक मिनिट चालणारे खास घड्याळ पुढे आणले आणि नाडी ही ओळखण्याबरोबर मोजण्याचीही वस्तू झाली.

आमच्याकडील घरांत हा आकडा शिरला तो मात्र फार अलीकडे, २०२० च्या करोनाकाळात. रक्तातील प्राणवायू पाहण्यासाठी बोटाला लावायची ती प्लॅस्टिकची चिमटी तेव्हा घरोघर आली. तिच्या पडद्यावर प्राणवायूच्या आकड्यासोबत नाडीचाही आकडा उमटतो. साथ ओसरली, चिमटी राहिली आणि मुलाबाळांचे खेळणे झाली. या खेळण्यातून दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी एक प्रश्न उभा राहिला, त्याची ही हकीकत.

आमचा नातू तेव्हा सोळा वर्षांचा आणि नात पंधराची. नात शाळेच्या आठशे मीटर धावण्याच्या चमूत होती. कर्नाटकात ज्यांस दैहिक शिक्षक म्हणतात, त्या तिच्या गुरुजींनी तिचे नाव तालुका स्पर्धेसाठी काढले होते आणि पालकांच्या संमतीचा कागद घरी आला होता. नेमक्या त्याच सुमारास निपाणीहून आमच्या वहिनी आल्या. मुलांनी जिना चढून येऊन चिमटी लावण्याचा खेळ चालविला होता. मुलाचा आकडा शंभराच्या आत आणि मुलीचा एकशेवीसच्या पुढे. पुन्हा लावली, पुन्हा तेच. वहिनींनी नातीचा हात हाती घेतला आणि म्हणाल्या, "भाऊजी, पोरीचं काळीज किती धडधडतंय बघा. मुलीच्या जातीला एवढं झेपत नाही. आता पळणं पुरे." सूनबाई काही बोलल्या नाहीत. संमतीचा कागद देवघराशेजारच्या फळीवर आठ दिवस सहीवाचून पडून राहिला. नातीने एवढेच विचारले, "आजोबा, दादाचं कमी आणि माझं जास्त, म्हणजे माझं हृदय वाईट आहे का हो?"

आमची उभी नोकरी राज्य शासनाच्या सांख्यिकी खात्यात गेली. दिवसा कानडीत टिप्पण्या लिहायच्या आणि संध्याकाळी मराठी ग्रंथालयाची पायरी चढायची, असा तो दुहेरी संसार या भागातल्या अनेकांनी केला आहे. सुगीच्या दिवसांत शेतात तुकडा आखून, त्यातले पीक कापून, झोडपून, वजन करून उत्पन्नाचा अंदाज काढण्याचे प्रयोग आम्ही वर्षानुवर्षे केले. त्या कामाने एक गोष्ट अंगात मुरविली. दोन तुकड्यांच्या वजनांत तफावत आली, की बियाण्याला दोष देण्यापूर्वी माती कोणती, पाणी किती मिळाले, खत कोणाला पडले, याची चौकशी करावयाची. वहिनींनी बियाण्याला दोष देऊन टाकला होता. आम्ही नातीला सांगितले, की आधी नीट मोजू आणि मग बोलू.

मोजण्यापूर्वी मुलगा आणि मुलगी यांच्या हृदयात निसर्गाने मुळात काय भेद ठेवला आहे, ते समजून घेणे भाग होते. आमच्या वयाच्या मंडळींनी मोट पाहिलेली आहे. विहिरीवर बैल मागे-पुढे होत आणि दर खेपेला चामड्याच्या मोटेतले पाणी थारोळ्यात ओतले जाई. हृदयाचे काम याहून निराळे नाही. प्रौढ माणूस स्वस्थ बसला असता त्याचे हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे लोटते. मिनिटाला ७२ ठोके धरले तर हे पाच लिटर भरते. म्हणजे अंगात जितके रक्त असते, जवळपास तितके सगळे मिनिटभरात एक फेरी मारून येते. आता मोट लहान असली आणि मळा तेवढाच भिजवायचा असला, तर बैलांना खेपा अधिक कराव्या लागतील. त्यात बैलांचा दोष नाही, मोटेचाही नाही.

साधारण दहा-अकरा वर्षांपर्यंत मुलगा आणि मुलगी यांच्या या मोटेत फारसा फरक नसतो. वयात येताना वाटा फुटतात. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाने मुलाचे स्नायू वाढतात, त्यांबरोबर हृदयाचा स्नायूही वाढतो, अंगातले रक्त वाढते आणि रक्तातील हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला १३ ग्रॅमवरून १५ च्या आसपास चढते. मुलीचे ते १३ च्या आसपासच राहते आणि दरमहा काही रक्त अंगावरून जाते ते निराळेच. शिवाय हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात पेशींची जी इवलीशी गाठ ठेका धरून बसलेली असते, तिचा ठेका स्त्रियांत मुळातच किंचित जलद असतो. मासिक चक्राच्या उत्तरार्धात त्यात आणखी दोन-चार ठोक्यांची भर पडते. या सगळ्याची बेरीज केली तरी विश्रांतीच्या वेळी मुलीची नाडी मुलाच्या नाडीहून साधारण तीन ते आठ ठोक्यांनीच पुढे असते. वैद्यराजांच्या डाव्या हाताला एवढेच निसर्गदत्त कारण आहे.

व्यायामाला सुरुवात झाली की चित्र बदलते. स्वस्थ असताना व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाचा लगाम खेचून धरतो. धावू लागताच प्रथम तो लगाम सैल सुटतो आणि नाडी शंभराच्या घरात जाते. त्यापुढे दुसऱ्या मज्जातंतूंचा चाबूक चालू होतो. कमाल मर्यादा मात्र दोघांनाही जवळपास सारखीच असते. किशोरवयात पूर्ण जोर लावला तर मुलगा काय, मुलगी काय, नाडी मिनिटाला २०० च्या आसपास जाऊन थांबते. (व्यायामशाळांच्या भिंतींवर '२२० वजा वय' हे सूत्र लिहिलेले आढळते. ते १९७१ साली प्रौढांच्या आकड्यांवरून ढोबळपणे मांडले गेले. वाढत्या वयाच्या मुलांना ते लागू करण्यात अर्थ नाही.) छत एकच, पण मोट लहान, तेव्हा तेच काम करताना मुलगी आपल्या छताच्या अधिक जवळ गेलेली असते. तिला धाप लवकर लागते ती यामुळे. आणि सरावाने मोट मोठी होते, हे मुलाइतकेच मुलीच्या बाबतीतही खरे आहे. नियमित धावणाऱ्याचे हृदय दर ठोक्याला अधिक रक्त लोटू लागते आणि विश्रांतीची नाडी खाली येते. कसलेल्या धावपटूंची नाडी मिनिटाला पन्नासाच्याही खाली असते, स्त्री असो वा पुरुष.

इतके समजल्यावर आम्ही मोजणीकडे वळलो. पायरीवर चढ-उतार करून नाडी मोजण्याची पद्धत जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ साली, अमेरिकेत हार्वर्ड येथे ती तरुण पुरुषांसाठी बेतली गेली. वीस इंचांची पायरी, मिनिटाला तीस चढ-उतार, पाच मिनिटे. आमच्या वयाच्या माणसाने हे वाचूनच दम टाकावा. पुढे १९७२ साली न्यूयॉर्कच्या क्वीन्स कॉलेजात सव्वासोळा इंचांची आणि तीनच मिनिटांची सौम्य चाचणी तयार झाली. तीत पुरुषांना मिनिटाला २४ आणि स्त्रियांना २२ चढ-उतार दिलेले आहेत. आमच्या परसातला दगडी कट्टा टेपने मोजला, तो सोळा इंच निघाला. तुलना करावयाची तर काम सारखेच हवे, म्हणून दोघांनाही बावीसच ठेवले. नातवाने मोबाइलवर मिनिटाला ८८ टिकटिक लावून दिली. चार टिकटिकींना एक चढ-उतार. चिमटी बाजूला ठेवली, कारण बोट हलले की ती भांबावते. मनगटावर बोटे ठेवून, व्यायाम थांबल्यावर पाच सेकंद सोडून पुढची पंधरा सेकंदे मोजावयाची आणि चौपट करावयाचे, हा नियम.

विश्रांतीची नाडी पहाटे अंथरुणातून उठण्यापूर्वी मोजली. दिवसा मोजण्यात एक अडचण होती. वहिनी समोर उभ्या राहिल्या की नातीची नाडी चार-सहा ठोक्यांनी वर जाई. ही थट्टा नव्हे. नुसत्या अपेक्षेने आणि धास्तीने ठोके वाढतात, शर्यतीपूर्वी रेषेवर उभ्या असलेल्या प्रत्येक मुलाचे वाढतात. दुसरी गंमत नातवाच्या मनगटावर दिसली. त्याची नाडी श्वास आत घेताना भरभर आणि सोडताना सावकाश चालत असे, जणू विलंबित आणि द्रुत यांत ये-जा करते आहे. या वयात हे अगदी स्वाभाविक असते. जुन्या वैद्यांनी हिला कोणत्या प्राण्याची चाल म्हटले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही.

पाच दिवसांची सरासरी अशी आली. विश्रांतीत नातू ७०, नात ८६. तीन मिनिटांच्या चढ-उतारानंतर नातू १३६, नात १७६.

विश्रांतीत सोळा ठोक्यांची तफावत होती. निसर्गाच्या खात्यावर फार तर आठ टाकता येत होते. उरलेले आठ कोणाचे? आणि व्यायामानंतरचे चाळीस? नात तर रोज धावणारी मुलगी. तिची नाडी खाली यावयास हवी होती. बियाण्याने हिशेब जुळेना, तेव्हा पाण्याचा पाट कोठे फुटला आहे, हे पाहणे ओघाने आले. आम्ही तिला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी खालची पापणी ओढून पाहिली, छाती तपासली, हृदयाचा आवाज निर्दोष असल्याचे सांगितले, थायरॉइडची शंका फेडून घेतली आणि रक्त तपासावयास लावले. हिमोग्लोबिन निघाले ९.४. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने या वयाच्या मुलीचे ते निदान १२ असावयास हवे.

म्हणजे मोट लहान होती हे खरे. पण ती गळकीही होती. रक्त फिरत होते, त्यात प्राणवायू वाहून नेणारा माल कमी होता. मळ्याला पाणी पुरेना म्हणून बैल धावत होते. त्या धावण्याला आम्ही सगळे 'मुलीची जात' म्हणत होतो.

येथे आमच्या जुन्या खात्याच्या सवयीने दोन आकडे नोंदवितो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला; त्याच वयाच्या मुलांत ३१ टक्के. आधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत मुलींचा आकडा ५४ होता. चार-पाच वर्षांत तो घटण्याऐवजी वाढला. मुलांचे ३१ टक्के हेही लाजिरवाणेच, परंतु मुलींत तो जवळजवळ दुप्पट आहे. तेव्हा या देशात सहज कोठल्याही वर्गात शिरून मुला-मुलींची नाडी मोजली आणि मुलींची दहा-पंधरा ठोक्यांनी अधिक भरली, तर तो सगळा भेद स्त्रीत्वाचा मानणे म्हणजे कोरडवाहू आणि बागायती तुकड्यांची वजने एका तक्त्यात मांडण्यासारखे आहे. २०१३ पासून शाळांतून किशोरवयीन मुलामुलींना दर आठवड्याला लोहाची निळी गोळी देण्याची योजना आहे. योजना चांगली आहे. पण गोळीने मळमळते, शौचास काळे होते, या भीतीने ती किती पोटांत जाते आणि किती दप्तरांच्या तळाशी राहते, हे मुलींच्या आयांनी पाहावे.

पाट फुटतो तो स्वयंपाकघरात. आमच्या घरी नातू तालमीत जातो म्हणून त्याला सकाळी दोन अंडी आणि दूध ठरलेले. नात धावते म्हणून तिला काय, तर 'फार पळू नकोस' हा उपदेश. ती शाळेच्या गडबडीत चहा-बिस्किटावर बाहेर पडे आणि रात्री जेवण होताच पुन्हा चहा. जेवणालगतचा चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही, ही साधी गोष्ट चहाबाज बेळगावास कोणी सांगावी! कोणी तिच्या ताटातले ओढून घेत नव्हते. आमचे घर काही दुष्ट नाही. फक्त मुलाच्या व्यायामाला खुराक लागतो हे घरातल्या सर्वांना ठाऊक होते आणि मुलीच्या व्यायामालाही तो लागतो, हे सुचण्याइतका मुलीचा व्यायाम कोणी खरा मानला नव्हता.

हे आजचे नाही. आमचे बालपण निपाणीत गेले. १९६८-६९ च्या सुमाराची गोष्ट; आमची आक्का लंगडीत आणि खो-खोत गल्लीतल्या मुलांना हाती लागत नसे. तेरावे सरले आणि एका उन्हाळ्यात तिचे अंगण सुटले. कोणी रागावले नाही, कोणी बंदी घातली नाही. नुसते "आता मोठी झालीस" एवढे शब्द पुरले. त्याच वर्षी आम्हांस मात्र तालमीत घातले गेले. तांबड्या मातीचा तो वास, जोर-बैठकांची मोजणी, घरी आल्यावर तांब्याभर दूध. तालमीच्या उंबऱ्याआत स्त्रीने पाऊल टाकू नये, हा तर नियमच. शेजारच्या गरीब घरांतून आक्काच्या वयाच्या मुली मांडीवर सूप घेऊन, पाय मुडपून दिवसभर विड्या वळीत. हजार विड्यांवर मजुरी ठरे. तंबाखूच्या धुळीत बसलेल्या त्या मुलींची नाडी कोणी मोजली असती तर काय भरली असती, असा विचार आता मनात येतो. हृदय हा स्नायू आहे. ज्या वयात तो वाढावयाचा, नेमक्या त्याच वयात मुलाला मातीत उतरविले जाते आणि मुलीला बसविले जाते. मग वीस वर्षांनी दोघांना जिना चढावयास लावून आपण म्हणतो, पाहा, बायकांना धाप लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासकांनी २०१६ चे जे आकडे मांडले, त्यांत जगातील ११ ते १७ वयाच्या ७८ टक्के मुलांना आणि ८५ टक्के मुलींना दिवसाचा सरासरी तासभर व्यायामही घडत नाही, असे दिसले. मुलांनीही फार फुशारकी मारू नये.

आमच्या भागात सगळे वाईटच घडले असे मात्र नाही. औंधचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत मुलांप्रमाणे मुलींनाही सूर्यनमस्कार घालावयास लावले, ही गोष्ट शतकाच्या पूर्वार्धातली. याच बेळगावात १८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचे दुकान थाटले. पुढे त्यांनी नांगर केले, कारखाना केला, गाव वसविले, तो इतिहास सर्वश्रुत आहे. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, २००६-०७ मध्ये, कर्नाटक शासनाने आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी मोफत सायकलींची योजना सुरू केली. निपाणी-चिकोडी रस्त्यावर दोन वेण्यांच्या मुलींच्या सायकलींची रांग आम्ही कामानिमित्त फिरताना पाहत असू. शाळागळती किती घटली, याचे तक्ते आमच्या कचेरीत झाले. त्या मुलींच्या हृदयांनी काय कमावले, याचा रकाना कोणत्याही तक्त्यात नव्हता.

मुलीचे हृदय धावण्याला नालायक आहे हा समज केवळ आपल्याकडचा आहे, असेही कोणी समजू नये. १९२८ च्या अॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी प्रथमच आठशे मीटरची शर्यत ठेवली गेली. म्हणजे आमच्या नातीचेच अंतर. जर्मनीची लीना राडके २ मिनिटे १६.८ सेकंदांत विश्वविक्रम करून जिंकली. शर्यत संपल्यावर काही जणी दमून गवतावर बसल्या, आडव्या झाल्या. पुरुष धावपटूही तसेच आडवे होतात. परंतु वृत्तपत्रांनी स्त्रिया कोसळल्याची हाकाटी केली आणि ही शर्यत ऑलिंपिकमधून जी गेली, ती १९६० साली रोममध्येच परतली. बत्तीस वर्षे. निपाणीच्या वहिनी आणि अॅमस्टरडॅमचे वार्ताहर यांचे एकमत पाहून आम्हांस मोठी मौज वाटली. त्यानंतर जे झाले ते आपल्यासमोर आहे. साताऱ्याकडील मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली आणि जगात दहावी आली. बेळगावनजीकच्या तुरमुरी गावची, शेतकरी घरातली मलप्रभा जाधव २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धांतून कुराश या कुस्तीच्या प्रकारात कांस्यपदक घेऊन परतली. ज्या मुलुखात तालमीचा उंबरा स्त्रियांना बंद होता, त्या मुलुखातली ही मुलगी.

सैन्यदलाने या प्रश्नाचा निकाल कसा लावला, तेही येथेच पाहावयास मिळाले. ऑगस्ट २०१९ मध्ये लष्करी पोलीस दलासाठी तरुणींची भरती बेळगावात झाली, तेव्हा दूरदूरच्या मुली आल्या होत्या. पुरुषांच्या भरतीत १.६ किलोमीटर धावण्यास पहिल्या गटासाठी साडेपाच मिनिटे असत. मुलींसाठी साडेसात ठेवली होती. ही सवलत आहे, असे काही जण म्हणाले. आम्हांस ते योग्य माप वाटते. मोट लहान हे मान्य केले, खेपांना वेळ दिला आणि मळा मात्र पुरता भिजवून मागितला. क्वीन्स कॉलेजातल्या २४ आणि २२ चाही अर्थ हाच.

त्या वर्षी संमतीच्या कागदावर सही झाली नाही. डॉक्टरांनी हिमोग्लोबिन ११ च्या वर जाईपर्यंत शर्यत नको, चालणे आणि सावकाश धावणे चालू ठेवावे, असे सांगितले होते. नात दोन दिवस कोणाशी बोलली नाही. वहिनींना आपले म्हणणे खरे ठरल्यासारखे वाटले; आम्ही त्यांना रक्ततपासणीचा कागद वाचून दाखविला आणि एवढेच म्हणालो, की वहिनी, थांबवायचे ते धावणे नव्हे. लोहाच्या गोळ्या आणि जंताचे औषध सुरू झाले. जेवणालगतचा चहा बंद झाला, तो घरातल्या सर्वांचाच. त्यावरून आमची थोडी कुचंबणा झाली. पालेभाजीवर लिंबू, शेंगदाणे-गुळाचा लाडू आणि नातवाच्या ताटाशेजारी तितक्याच अंड्यांचे दुसरे ताट. पहाटे टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या झाडीतून आम्ही चालत असू आणि ती पुढे धावत असे. धावताना छातीत दुखणे, भोवळ येऊन पडणे, बसल्या जागी अकारण धडधडणे किंवा कुटुंबात कोणी तरुण वयात अचानक गेलेले असणे, यांपैकी काही असेल तर मात्र मुलगा असो वा मुलगी, कट्ट्यावरच्या मोजणीवर विसंबू नये, तडक डॉक्टर गाठावा. हे डॉक्टरांनी आम्हांस बजावून सांगितले, म्हणून येथे लिहिले.

दहा महिन्यांनी तोच कट्टा, तीच टिकटिक. हिमोग्लोबिन १२.१. विश्रांतीत नात ७६, नातू ६८. तीन मिनिटांनंतर नात १५४, नातू १३२. सोळाची तफावत आठवर आली. हे उरलेले आठ तिचे स्वतःचे. ते कोणत्याही गोळीने जाणार नाहीत आणि जाण्याचे कारणही नाही. पुढच्या तालुका स्पर्धेत ती आठशे मीटर धावली आणि चौथी आली. पदक तिसरीपर्यंतच होते. ती घरी येऊन म्हणाली, "शेवटच्या दोनशेत मोट भरेना आजोबा," आणि भरपूर जेवली.

वहिनी गेल्या दिवाळीत पुन्हा आल्या होत्या. त्यांच्या थोरल्या मुलाची मुलगी आता बारा वर्षांची आहे आणि खो-खो खेळते. जाताना त्यांनी आमच्या वहीतले एक कोरे पान मागून घेतले. नातीने त्यावर रकाने आखून दिले: तारीख, पहाटेची नाडी, चढ-उतारानंतरची नाडी आणि हिमोग्लोबिन. निपाणीच्या घरातल्या कट्ट्याची उंची मोजून कळविण्याचे वहिनींनी कबूल केले आहे. अजून पत्र आलेले नाही. पण फोनवर त्यांनी आक्काला विचारले म्हणे, की पोरीला अंडी किती द्यायची.